रद्दीतून दिवाळी : कागदकामाविषयी वाचकांचे प्रश्न

नवरात्र संपून दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये कागदकामाचे प्रश्न वाढू लागतात. या अंकासाठी बडोद्यातील मराठी घरांतून आलेली काही पत्रे निवडली आहेत. बहुतेकांची मागणी एकच आहे : खर्च फार नको, वस्तू घरातील सर्वांना मिळून करता यावी आणि ती चार दिवसांत मोडू नये. ही मागणी मला अगदी रास्त वाटते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, ज्या शहरात कलाभवन सुरू झाले आणि हातकामाला रीतसर शिक्षणाचे स्थान मिळाले, त्या शहरातील मुलांनी तयार सामानाचे खोके फोडून त्यातील तुकडे चिकटवण्यातच समाधान मानू नये, असे मनापासून वाटते. खर्च कमी करण्याचा खरा मार्ग कागद ओळखण्यात आहे. कोणता कागद कोणत्या दिशेने वाकतो, पाणी लागल्यावर त्याचे काय होते, वजन कसे पेलतो, एवढे कळले की पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, द्यायच्या गठ्ठ्यातच बहुतेक सामान सापडते.

प्रश्न : ताई, बाजारात मिळणारे आकाशकंदील प्लॅस्टिकचे असतात आणि दोन वर्षांत त्यांचा रंग उडतो. माझी मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत व त्यांना कंदील घरीच करायचा आहे. पण बांबूच्या कामट्या तासणे आम्हाला जमणारे नाही. वर्तमानपत्राच्या नळ्यांचा सांगाडा करता येईल का?
— एक आई, रावपुरा

उत्तर : नक्कीच करता येईल, आणि आठ-अकरा वर्षांच्या मुलांसाठी तो कामट्यांपेक्षा अधिक सुरक्षितही आहे. वर्तमानपत्राचे एक सुटे पान घ्यावे, त्याच्या एका कोपऱ्यावर विणकामाची जाड सुई तिरकी ठेवावी आणि कोपऱ्यापासून घट्ट गुंडाळत जावे. शेवटच्या कोपऱ्याला खळ लावून तो चिकटवला की सुई काढून घ्यावी. नळीची दोन्ही टोके पातळ आणि मऊ राहतात, म्हणून ती कापून टाकावीत. मधल्या टणक भागातून २० सेंटीमीटरचे दोन तुकडे निघतात. आपल्याला असे २४ तुकडे लागतील, म्हणजे १२ पाने पुरतील. गुंडाळण्याचे काम धाकट्याकडे आणि मापून कापण्याचे थोरल्याकडे द्यावे.

आता चार-चार तुकड्यांचे सहा चौकोन करायचे आहेत. चार नळ्यांतून एकच दोरा ओवून गाठ मारली की चौकोन तयार होतो, परंतु तो डुगडुगतो आणि हात लावताच तिरका होतो. बहुतेक घरगुती कंदील इथेच बिघडतात. सांगाडा बांधून झाल्यावर तो एका बाजूला कलतो आणि दोष दोऱ्याला दिला जातो, पण खरे कारण हे की चौकोनाला स्वतःचा ताठपणा नसतो. तो त्रिकोणालाच असतो. यासाठी प्रत्येक चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत जुन्या पुठ्ठ्याचा लहानसा त्रिकोणी तुकडा आतून चिकटवावा. चिकटवण्यापूर्वी चौकोनाचे दोन्ही कर्ण पट्टीने मोजावेत. बाजू २० सेंटीमीटर असेल, तर दोन्ही कर्ण सुमारे २८ सेंटीमीटर भरले पाहिजेत; एक मोठा आणि एक लहान येत असेल, तर चौकोन तिरका आहे असे समजून तो सरळ करून घ्यावा. खळ पूर्ण वाळेपर्यंत हे सहाही चौकोन सपाट जमिनीवर पडू द्यावेत.

बांधणी अशी करावी. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवावा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे करावेत आणि प्रत्येकाचे खालचे टोक खालच्या चौकोनाच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधावे. मग शेजारशेजारच्या चौकोनांची मधली टोके एकमेकांना बांधावीत. वर उरलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन ठेवून त्याचे कोपरे बांधले की एकूण १२ गाठींत सांगाडा पूर्ण होतो. मुलांनी या क्षणी मुद्दाम पाहावे असे काही इथे घडते : आपण फक्त चौकोन बांधलेले असतात, तरीही त्यांच्यामध्ये चार वर आणि चार खाली असे आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. या कंदिलाची उंची सुमारे २८ सेंटीमीटर होते. बाल्कनीसाठी हे माप पुरेसे आहे; याहून मोठ्या मापाला वर्तमानपत्राच्या नळ्या वाकू लागतात.

वरून पतंगी कागद लावावा. तो पातळ असल्यामुळे त्यातून उजेड सर्वत्र सारखा येतो. घोटीव कागद दिसायला चकचकीत असला, तरी दिवा लावल्यावर त्याचा रंग मेलेला दिसतो. खळ कागदाला लावू नये, नळीला लावावी. पतंगी कागदाचा रंग ओल्याने पसरतो आणि कागद फाटतोही. चौकोनासाठी २२ सेंटीमीटर बाजूचा कागद कापला की चारही बाजूंनी एक-एक सेंटीमीटर दुमडायला मिळतो. त्रिकोणाचा नमुना मात्र कंपासपेटीशिवायही अचूक काढता येतो. २० सेंटीमीटर बाजूचा चौकोनी कागद उभा मधोमध दुमडून उघडावा. मग खालचा डावा कोपरा जागेवर धरून खालचा उजवा कोपरा उचलावा आणि तो त्या मधल्या घडीवर अशा रीतीने टेकवावा की नवी घडी बरोबर डाव्या कोपऱ्यातून जाईल. कोपरा जिथे टेकला तिथे खूण करावी. ती खूण आणि खालचे दोन कोपरे जोडले की तिन्ही बाजू समान असलेला त्रिकोण मिळतो. हा नमुना पुठ्ठ्यावर उतरवून ठेवावा व प्रत्यक्ष कापताना भोवती एक सेंटीमीटर कागद सोडावा.

वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवावा, म्हणजे वरून वायर सोडता येते आणि हवा खेळती राहते. खालच्या चौकोनाच्या चार बाजूंना झिरमिळ्या लावाव्यात. कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कदापि ठेवू नये आणि जुन्या पद्धतीचा तापणारा बल्बही लावू नये. पाच वॅटच्या आतील एलईडी दिवा पुरतो, आणि तोही कागदापासून किमान चार बोटे दूर लोंबेल असे पाहावे. वायर जोडण्याचे काम मोठ्या माणसाने करावे.

प्रश्न : मुलाच्या शाळेतील प्रकल्पासाठी आम्ही पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवतो. संध्याकाळी सर्व सपाट असते आणि सकाळी पुठ्ठा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. गोंद बदलूनही पाहिला. आमचे काय चुकते?
— एक वडील, कारेलीबाग

उत्तर : गोंदाचा दोष थोडा आहे, पाण्याचा अधिक. कागद हा बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि यंत्रावर तयार होताना त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेने लागतात. ओलावा लागला की प्रत्येक तंतू जाडीने फुगतो, लांबीने जवळजवळ वाढत नाही. म्हणून ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो, त्याच पसरलेल्या अवस्थेत पुठ्ठ्याला चिकटतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो.

तंतूंची दिशा घरी सहज ओळखता येते. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर बहुधा सरळ रेघेत फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते. म्हणजे त्याचे तंतू उभे आहेत. इतर कोणत्याही कागदाचा लहान चौकोन कापून त्याच्या एकाच बाजूवर ओले बोट फिरवावे. कागद लगेच गुंडाळू लागेल, आणि त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेला असेल तीच तंतूंची दिशा. हा प्रयोग मुलाकडूनच करून घ्यावा. प्रकल्पातील चित्रांपेक्षा तो त्याच्या अधिक लक्षात राहील.

उपाय साधा आहे. गोंदात पाणी घालू नये आणि तो जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ ओढावा. पुठ्ठ्याच्या पाठीमागेही तशाच जाडीचा कोरा कागद, तंतूंची दिशा तीच ठेवून, चिकटवावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होईल. त्यानंतर पुठ्ठा वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून वर पाटा किंवा जाड पुस्तके ठेवावीत आणि रात्रभर हलवू नये. पंख्याखाली उभे करून घाईने वाळवलेले काम हमखास वाकते.

प्रश्न : माझ्या सासूबाई कागदाचा लगदा आणि मेथी वापरून टोपल्या करीत असत. त्या टोपल्या पुष्कळ वर्षे टिकल्या. मी मागच्या पावसाळ्यात करून पाहिल्या, तर त्यांना बुरशी आली. प्रमाण काय घ्यावे? आणि त्यांत फराळाचे पदार्थ ठेवावेत का?
— एक आजी, दांडिया बाजार

उत्तर : आजी, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण ही कला आता थोड्याच घरांत उरली आहे आणि ती नातवंडांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. आपले प्रमाण चुकले असेल असे मला वाटत नाही. चुकला तो ऋतू. लगदा आतून वाळायला अनेक दिवस लागतात आणि बडोद्याच्या पावसाळी हवेत तो वाळण्याआधीच बुरशी धरते. हे काम चैत्र-वैशाखातील कोरड्या उन्हाचे आहे. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतही ते चांगले होते, म्हणून रद्दी आताच बाजूला काढून ठेवावी.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि लगदा लवकर एकजीव होतो. अर्धा किलो कोरडी रद्दी दोन दिवस पाण्यात भिजवावी आणि रोज पाणी बदलावे, म्हणजे शाईचा काळेपणाही काहीसा निघून जातो. मेथी ५० ते ६० ग्रॅम घ्यावी, रात्रभर भिजवावी आणि गुळगुळीत वाटावी. भिजलेल्या मेथीला जो बुळबुळीत चिकटपणा येतो तोच लगद्याला धरून ठेवतो, आणि तिच्या कडूपणामुळे किडा लागत नाही असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. भिजलेला कागद पिळून खलबत्त्यात कुटावा. कुटण्याचा कंटाळा येत असेल तर मिक्सर चालेल, परंतु ते भांडे पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नये. कागद आणि मेथी एकत्र करून कणकेसारखे मळावे. गोळा दाबल्यावर पाणी ठिबकत असेल, तर तो आणखी पिळावा.

पातेले उपडे घालून त्यावर ओले सुती कापड अंथरावे आणि लगदा तळापासून काठाकडे थापत यावे. जाडी सर्वत्र सारखी, साधारण अर्ध्या सेंटीमीटरची ठेवावी. तळाशी जाड आणि काठाला पातळ झालेली टोपली वाळताना काठाला चिरते. पहिला दिवस सावलीत आणि मग उन्हात ठेवावी. वरचा थर हाताला कोरडा लागला की कापडासकट पातेल्यावरून अलगद काढून आतली बाजू वर करून वाळवावी. नखाने टिचकी मारल्यावर पुठ्ठ्यासारखा कोरडा आवाज आला म्हणजे ती वाळली. मग आतून-बाहेरून कोऱ्या कागदाचे तुकडे खळीने चिकटवून वर रंग द्यावा. खळीत चिमूटभर तुरटी घालावी. खळीच्या काही जुन्या कृतींत मोरचूद सांगितलेले असते. ते विषारी आहे, तेव्हा मुले ज्या घरात वावरतात तिथे ते आणूच नये.

फराळाविषयी मात्र स्पष्ट सांगते : चकली, शेव, लाडू या टोपलीत ठेवू नयेत. छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलकट आणि गरम पदार्थांत उतरतात, आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा इशारा अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिलेला आहे. सासूबाईंच्या काळी ही माहिती कोणालाच नव्हती. सुटे पैसे, वाती, लोकरीचे गुंडे, चाव्या, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्यासाठी टोपली खुशाल वापरावी. नारळ किंवा न सोललेला लसूणही चालेल.

प्रश्न : या वर्षी गणपतीसाठी फ्रिजच्या खोक्याचे मखर केले. पाचव्या दिवशी ते खाली बसले. पुढच्या वर्षी थर्मोकोल आणू नये अशी इच्छा आहे. काय करावे?
— एक कुटुंब, मांजलपूर

उत्तर : थर्मोकोल न आणण्याच्या आपल्या निश्चयाचे स्वागत करते. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. खांब किंवा पाठीमागची भिंत कापताना या नळ्या उभ्या येतील असे पाहावे. आडव्या आल्या तर पुठ्ठा स्वतःच्याच वजनाने दुमडतो. आपल्या मखराचे बहुधा हेच झाले असावे, आणि भाद्रपदातील दमट हवेने व पूजेच्या पाण्याने त्यात भर घातली असेल. भिंतीसाठी दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवावेत, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. मखर थेट जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावे. जोडणी गोंदाने न करता खाचांनी करावी : एका भागाला वरून अर्ध्यापर्यंत आणि दुसऱ्याला खालून अर्ध्यापर्यंत खाच पाडून ते एकमेकांत बसवावेत. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच रुंद असावी, नाहीतर मखर हलते. असे मखर विसर्जनानंतर सुटे करून कपाटामागे सपाट ठेवता येते.

प्रश्न : घरात लग्नपत्रिकांचा ढीग साठला आहे. त्यांवर गणपतीचे चित्र असल्यामुळे रद्दीत टाकवत नाहीत. काही उपयोग सुचवाल का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : दिवाळीतील ओवाळणीसाठी त्यांची पाकिटे फार सुरेख होतात. पत्रिकेचा कागद जाड असल्याने तो नुसता दुमडला की घडीवर तडकतो. म्हणून घडीच्या रेघेवर पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलचे टोक दाबून ओढावे आणि मग दुमडावे. घडी सरळ आणि स्वच्छ येते. गणपतीचे चित्र आधी कापून घेऊन ते पाकिटाच्या दर्शनी बाजूवर चिकटवावे, म्हणजे मनाला रुखरुख राहत नाही. उरलेल्या लांब पट्ट्यांच्या पुस्तकात ठेवायच्या खुणा कराव्यात. मात्र पत्रिकेवरील नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असलेला भाग बाहेर येऊ देऊ नये.

प्रश्न : उत्तरायणानंतर आमच्या गच्चीवर फाटलेल्या पतंगांचा खच पडतो. त्यांतून मुलांना काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : पुष्कळ करता येईल, पण आधी मांजा. पतंगाला अडकलेला दोरा मोठ्यांनीच, हातात जाड कापड धरून, कात्रीने कापून वेगळा करावा आणि कागदात घट्ट गुंडाळून टाकावा. काचेच्या मांज्याने बोटे कापतात, आणि झाडांवर व तारांवर राहिलेल्या दोऱ्याने उत्तरायणानंतरही कित्येक दिवस पक्षी जखमी होत राहतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली आहे. तरीही तो सापडतो, म्हणून मुलांना सुरुवातीला गच्चीवर एकटे पाठवू नये.

मांजा दूर केल्यावर उरते ते उत्तम सामान. पतंगाची मधली सरळ काडी आणि वाकवलेली कमान या दोन्ही तासून तयार असलेल्या बांबूच्या असतात, आणि त्या विकत घ्याव्या लागत नाहीत. गेंडीगेटच्या पतंगबाजारात ज्या कारागिरांच्या हातून त्या घडतात त्यांचे कसब पाहायचे असेल, तर कमान दोन्ही टोकांनी हळूच वाकवून पाहावी : ती मधोमध न मोडता सारखी वाकते. चार सरळ काड्यांची चौकट करून तिच्यावर निरनिराळ्या रंगांच्या कागदाचे तुकडे एकमेकांच्या कडेवर चढवून चिकटवावेत आणि खिडकीच्या काचेला टेकवून ठेवावे. जिथे निळ्यावर पिवळा कागद चढेल तिथे उजेडात हिरवा दिसेल, आणि लहान मुलांना रंगांची मिसळ शिकवायला याहून चांगले साधन मला माहीत नाही.

प्रश्न : माझी सात वर्षांची नात डावखुरी आहे. घडीकाम ती सुंदर करते, पण कात्री हातात घेतली की कागद कापला न जाता पात्यांत दुमडतो आणि ती रडकुंडीला येते. घरातले म्हणतात, उजव्या हाताने कापायची सवय लावा.
— एक आजोबा, रावपुरा

उत्तर : आजोबा, कृपया तशी सवय लावू नये. दोष मुलीचा नाही, कात्रीचा आहे. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्या हातात धरल्यावर अंगठ्याचा आणि बोटांचा स्वाभाविक दाब दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट आणतो. तीच कात्री डाव्या हातात गेली की तो दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो आणि कागद त्या फटीत दुमडतो. शिवाय वरचे पाते नेमके कापायच्या रेघेवर येऊन ती झाकते, त्यामुळे मुलीला आपण कुठे कापतो आहोत हेच दिसत नाही.

डावखुऱ्यांसाठी पात्यांची मांडणी उलट केलेल्या कात्र्या मिळतात. शालेय साहित्याच्या दुकानात मागितल्यास बहुधा मागवून देतात. घेताना कात्री नीट पाहावी, कारण काही कात्र्यांच्या फक्त मुठी दोन्ही हातांना बसतील अशा केलेल्या असतात आणि पाती मात्र उजव्या हाताचीच राहतात. डाव्या हातात धरून उघडल्यावर वर येणारे पाते डाव्या बाजूला असेल, तरच ती खरी डावखुऱ्यांची कात्री. गोल आकार कापताना उजव्या हाताची मुले घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. आपल्या नातीने काट्यांच्या दिशेने जावे, म्हणजे रेघ तिच्या नजरेसमोर राहील. कात्री येईपर्यंत घडी घालून, घडीवर नख फिरवून आणि पट्टी दाबून धरून कागद फाडायला शिकवावे. कंदिलाचे चौकोन आणि झिरमिळ्यांच्या पट्ट्या अशाही सरळ निघतात. नवी कात्री आली की ती तिच्याच डब्यात ठेवावी आणि घरातील इतरांनी ती उजव्या हाताने वापरू नये, कारण उलट्या दाबाने तिचा खिळा सैल होतो.